पाण्यातील गोगलगाय आणि नदीकाठचे निरीक्षण

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या संमेलनासाठी मला ‘परिसर आणि आरोग्य’ हा विषय देण्यात आला आहे. विषय फार व्यापक आहे. आणि व्यापक विषयावर बोलणे वक्त्याला जितके सोपे, तितके ते श्रोत्यांना निष्फळ ठरते. म्हणून मी त्यातील एकच लहानसा भाग निवडला आहे. ओढ्या-तळ्यांत राहणारी गोगलगाय, तिच्या आश्रयाने वाढणारे रोग, आणि त्या गोगलगाईचा बंदोबस्त वनस्पतींच्या अर्काने करण्याचा आफ्रिकेत झालेला एक प्रयत्न, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. हकीकत परदेशातील असली तरी तिच्यातून निघणारा बोध आपल्या वर्गाच्या दाराशी येऊन थांबतो, असे मला वाटते.

आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना नारू हा रोग आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यात सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांस जेमतेम दिसणारा जीव असे, त्याच्या पोटात नारूच्या कृमीचे डिंभ असत, आणि ते पाणी न गाळता प्यायल्यावर वर्षभराने माणसाच्या पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडे. या रोगावर लस निघाली नाही व रामबाण औषधही सापडले नाही. पाणी फडक्याने गाळून घेणे, रोग्याने विहिरीत न उतरणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा बांधून घेणे, पाण्यातील सायक्लॉप्स औषधाने मारणे, अशा साध्या उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले. रोगाचे जंतू एका प्राण्यात वाढतात व तेथून माणसात येतात, ही साखळी एकदा ध्यानात आली की ती कोणत्या कडीपाशी तोडावी हे ठरविता येते. नारूने आपल्याला हा पाठ दिला आहे. गोगलगाईच्या रोगाची साखळी याच जातीची आहे.

या रोगाचे नाव शिस्टोसोमियासिस. थिओडोर बिल्हार्झ नावाच्या जर्मन वैद्याने १८५१ साली कैरो येथे त्याचा कृमी प्रथम पाहिला, म्हणून त्यास बिल्हार्झिया असेही म्हणतात. हे कृमी माणसाच्या आतड्याभोवतालच्या किंवा मूत्राशयाभोवतालच्या रक्तवाहिन्यांत जोडीने राहतात व वर्षानुवर्षे अंडी घालतात. काही अंडी शौचावाटे वा लघवीवाटे बाहेर पडतात. उरलेली यकृतात, आतड्यात किंवा मूत्राशयात अडकून बसतात, आणि खरी पीडा त्या अडकलेल्या अंड्यांची असते. बाहेर पडलेली अंडी पाण्यात पोहोचली की त्यांतून सूक्ष्म डिंभ निघतात. त्यांस थोड्या तासांत ठराविक जातीची गोगलगाय सापडली नाही तर ते मरून जातात. सापडली तर तिच्या शरीरात शिरून ते काही आठवडे वाढतात, आणि एका डिंभापासून शेकडो-हजारो नवे डिंभ निपजून पुन्हा पाण्यात येतात. अशा पाण्यात कोणी उतरले की हे डिंभ काही मिनिटांतच त्याच्या कातडीतून आत शिरतात. नारूचे पाणी प्यावे लागे. येथे पाण्यात नुसते पाय बुडाले तरी पुरे होते.

यावरून कोणास हा रोग अधिक होत असेल ते उघड आहे. ओढ्यात डुंबणारी मुले, धुणे धुणाऱ्या स्त्रिया, पाण्यात उभे राहून काम करणारे शेतकरी व कोळी यांनाच तो गाठतो. मुलांच्या अंगातील रक्त कमी होते, वाढ खुंटते, आणि शिकण्याची शक्तीही मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगावरील प्रतिबंधक औषधाची गरज होती, व त्यांतील फार मोठा भाग आफ्रिका खंडात आहे. शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर वर्गातील मागच्या बाकावर पेंगणारे मूल आळशी आहे की आजारी, हा प्रश्न तेथे रोज उभा असतो.

प्राझिक्वांटेल नावाचे चांगले औषध आज उपलब्ध आहे. परंतु औषध घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरले तर रोग पुन्हा होतो. शौचालये व शुद्ध पाणी हा खरा कायमचा उपाय. तथापि त्यास काळ व पैसा लागतो. म्हणून मधली कडी, म्हणजे गोगलगाय, कमी करावी असा विचार पुढे आला. पूर्वी त्यासाठी मोरचूद वापरीत. पुढे निक्लोसामाइड हे रासायनिक द्रव्य आले. ते प्रभावी आहे, पण ते परदेशातून विकत आणावे लागते, आणि ज्या गावांना त्याची सर्वांत जास्त गरज त्यांच्याच गाठीला पैसा सर्वांत कमी.

आता इथिओपियाकडे वळू. त्या देशाच्या उत्तर भागात आडवा नावाचे गाव आहे. १८९६ साली इथिओपियाच्या सैन्याने इटलीच्या सैन्याचा पराभव केला तो या गावाजवळच, म्हणून इतिहासाच्या वाचकांस ते ठाऊक असेल. १९६४ साली अक्लीलू लेम्मा नावाचा तरुण इथिओपियन शास्त्रज्ञ अमेरिकेतील आपले शिक्षण संपवून तेथे शिस्टोसोमियासिसची पाहणी करीत होता. ओढ्यांतून गोगलगाई गोळा करणे हे त्याचे काम. ते करीत असता त्याला असे आढळले की, जेथे लोक कपडे धूत होते त्या जागेच्या खालच्या अंगास मेलेल्या गोगलगाई पुष्कळ पडलेल्या आहेत. वरच्या अंगास मात्र त्या जिवंत आहेत.

हे लोक बाजारचा साबण वापरीत नव्हते. त्या देशाच्या उंच पठारावर एंडोड नावाचे एक वेलीसारखे पसरणारे झुडूप होते. त्याची लहान फळे वाळवून कुटली व पाण्यात कालवली की भरपूर फेस येतो. आपल्याकडे रिठा व शिकेकाई, तसे तेथे एंडोड. त्यांची ती पांढरी सुती वस्त्रे पिढ्यान्पिढ्या याच फेसाने धुतली जात. लेम्मा यांनी वरच्या अंगाच्या जिवंत गोगलगाई भांड्यात घेऊन त्यांत हा फेस घातला, आणि त्या थोड्याच वेळात मेल्या. शंका घेण्यास आधार मिळाला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या फळांतील क्रियाशील द्रव्य वेगळे काढले. ते सॅपोनिन या वर्गातील असून लेम्मा यांच्या नावावरून त्यास लेम्माटॉक्सिन असे नाव मिळाले.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करावा असे मला वाटते. एंडोडने कपडे धुणाऱ्या स्त्रिया त्या ओढ्यावर शेकडो वर्षे जात होत्या. मेलेल्या गोगलगाई त्यांच्या पायांखाली होत्या. त्यांच्यापाशी वस्तू होती, रीत होती आणि अनुभवही होता. शास्त्रज्ञापाशी रोगाच्या साखळीचे ज्ञान होते. ही दोन टोके ज्या दिवशी एका माणसाच्या डोळ्यांत एकत्र आली त्या दिवशी शोध लागला. केवळ रूढी असती तर फेस वाहून गेला असता. केवळ पुस्तक असते तर ओढ्याकडे कोणी पाहिलेच नसते. वरच्या अंगाचे पाणी व खालच्या अंगाचे पाणी यांची तुलना करावी हे ज्याला सुचले त्याने अर्धे शास्त्र तेथेच साधले.

उरलेले अर्धे शास्त्र मात्र कष्टाचे होते. १९६९ ते १९७४ या पाच वर्षांत आडवा गावाच्या ओढ्यांत एंडोडची पूड ठराविक प्रमाणात व ठराविक काळाने घालून पाहण्यात आली, आणि गावातील लोकांची आधी व नंतर तपासणी झाली. आरंभी शंभरांतील सुमारे त्रेसष्ट लोकांना रोगाची लागण होती. पाच वर्षांनी ते प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास उतरले. परंतु खरी लक्षणीय गोष्ट लहान मुलांची. एक ते सहा वर्षांच्या मुलांत पूर्वी शंभरी पन्नास रोगी होते, ते केवळ सातांवर आले. मोठ्या माणसांच्या अंगात जुने कृमी वर्षानुवर्षे राहतात, म्हणून त्यांचा आकडा हळूहळू उतरतो. पाणी किती शुद्ध झाले हे ताज्या पिढीवरून समजते. गणिताचा तास घेताना शेकडेवारीचे याहून अर्थपूर्ण उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. एंडोडचा वापर मोठ्या प्रमाणावर करावयाचा तर ते माणसांना व जनावरांना अपायकारक नाही, हे सुसज्ज प्रयोगशाळेत, मान्य पद्धतीने सिद्ध झाले पाहिजे, अशी अट आंतरराष्ट्रीय संस्थांनी घातली. अट अवाजवी नव्हती. पण तशी प्रयोगशाळा व तेवढा निधी गरीब देशापाशी नव्हता, आणि परदेशी उद्योगांना जे झुडूप कोणीही परसात लावू शकतो त्यात फायदा दिसत नव्हता. या ओढाताणीत अनेक वर्षे गेली. मध्यंतरी लेगेसे वोल्डे-योहानेस या कृषिशास्त्रज्ञाने या झुडपाच्या अनेक वाणांची लागवड करून अधिक गुणकारी वाण निवडले. स्वाझीलंड, म्हणजे आजचा एस्वातिनी, या देशातील लिडिया मखुबू या विदुषीने आपल्या देशात एंडोडवर रासायनिक संशोधन केले. लेम्मा व वोल्डे-योहानेस या दोघांना १९८९ साली स्वीडनमधून दिला जाणारा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. लेम्मा १९९७ साली वारले. एंडोडचा प्रसार अजूनही त्यांना अभिप्रेत होता तेवढा झालेला नाही, आणि गोगलगाय मारण्यासाठी आरोग्य खाती आज मुख्यतः निक्लोसामाइडच वापरतात.

एंडोडचे गुण सांगितले, तेव्हा त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याने गोगलगाय मरते, पण तिची अंडी बहुधा वाचतात. म्हणून औषध पुनःपुन्हा घालावे लागते. ते थोड्या दिवसांत विघटन पावते, हे पाण्याच्या दृष्टीने चांगले असले तरी वाहत्या ओढ्यात त्याचा परिणाम टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने मासे मरतात. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर आघात करते. जेथे मासळी हेच गरिबाचे अन्न आहे तेथे ही बाब लहान नव्हे.

आता आपल्या प्रदेशाविषयी. प्रथमच स्पष्ट सांगतो की, माणसांतील शिस्टोसोमियासिस हा आपल्या महाराष्ट्रात पसरलेला रोग नाही. आपण घरी जाऊन पालकांत घबराट निर्माण करू नये. तरीही या विषयाशी आपला अगदीच संबंध नाही असेही नाही. १९५२ साली गाडगीळ व शाह या डॉक्टरांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातील, रत्नागिरी जिल्ह्याच्या गिमवी गावी या रोगाचे रोगी आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि कृमींच्या शास्त्रीय वाङ्मयात कोकणातील ते लहानसे गाव कायमचे नोंदले गेले. दुसरे असे की, आपल्या गुराढोरांना गोगलगाईपासून होणारे कृमिरोग आजही सर्वत्र आहेत. पाणथळ जागेच्या काठच्या गवतावर पर्णकृमीचे डिंभ चिकटून असतात. ते गवत खाल्ल्याने जनावराच्या यकृतात कृमी होतात, ते खंगते, दूध आटते, आणि कधी जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. गुरांच्या नाकातील एका शिस्टोसोमामुळे जनावर घोरू लागते. जनावरांच्या शिस्टोसोमांचे डिंभ तळ्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीत शिरले तर ते तेथेच मरतात, पण अंगावर खाजरी पुरळ उठवून जातात. शेतकऱ्याच्या घरी एक गाय खंगली तर त्याच्या मुलाची वही-पाटी बंद होते, हे आपण सर्व जाणतो.

वनस्पतींच्या बाबतीतही आपण दरिद्री नाही. खानदेश-विदर्भात हिंगणबेट नावाचे काटेरी झाड आहे. शाकुंतलातील आश्रमवासी ज्याचे तेल वापरीत तो इंगुदी वृक्ष हाच, असे परंपरेने मानतात. याच्या फळाच्या गराने कपडे धूत असत. हीच जात आफ्रिकेतही वाढते, आणि १९३३ साली आर्चिबाल्ड यांनी सुदानमध्ये गोगलगाईंच्या नाशासाठी याच फळाचा उपयोग सुचविला होता. इजिप्तमध्ये दमसीसा नावाच्या वनस्पतीवर असेच प्रयोग झाले. आपल्या देशात गोरखपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने लसूण, निंब इत्यादी वनस्पतींचा जनावरांच्या रोगास कारण होणाऱ्या गोगलगाईंवर काय परिणाम होतो, याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे.

हे ऐकून एखाद्या उत्साही शिक्षकाच्या मनात गावच्या तळ्यात रिठ्याचे पाणी ओतून पाहण्याचा विचार येण्याचा संभव आहे. बंधुभगिनींनो, तसे कदापि करू नये. झाडपाल्याची वस्तू म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. धोतरा झाडपालाच आहे, कण्हेरही झाडपालाच आहे. जे द्रव्य गोगलगाईला मारते ते मासे, बेडूक व इतर जलचर यांनाही मारू शकते. पाण्यात विष घालून मासे मारणे हा १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा मानला गेला आहे. गावचे तळे सर्वांचे असते. तेथे औषध घालावयाचे की नाही हे आरोग्य व पशुसंवर्धन खात्यांच्या तज्ज्ञांनी ठरवावयाचे आहे.

मग शिक्षकाने काय करावे? माझ्या मते तीन गोष्टी करता येतील.

पहिली, निरीक्षण. पावसाळ्यानंतर इयत्ता पाचवीच्या पुढील मुलांना घेऊन गावच्या ओढ्याच्या काठी जावे. कोणीही पाण्यात उतरू नये व गोगलगाय हाती धरू नये. काठावरून पाहून मुलांनी नोंद करावी: गोगलगाई वाहत्या पाण्यात आहेत की साचलेल्या, पाणवनस्पती असेल तेथे अधिक आहेत की उघड्या जागी, गुरे कोठे पाणी पितात, बायका धुणे कोठे धुतात. याचा साधा नकाशा काढून तो वर्गात लावावा. दर महिन्यास तीच जागा पाहून आकडा नोंदवावा. परिसर अभ्यास, भूगोल व गणित हे तिन्ही विषय त्या एका कागदावर येतील.

दुसरी, मोजणी. सॅपोनिन असले की फेस येतो, हे वर्गात दाखविता येते. रिठ्याची पूड, शिकेकाईची पूड, आणि तुलनेसाठी बेसन, प्रत्येकी एक चमचा, सारख्या आकाराच्या झाकणाच्या बाटल्यांत सारख्या पाण्यात घालावी. प्रत्येक बाटली तीस वेळा हलवावी आणि एक मिनिटाने व दहा मिनिटांनी फेसाची उंची पट्टीने मोजावी. हे तीनदा करून सरासरी काढावी. हात धुवावेत व पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. उरलेले पाणी विहिरीपासून दूर जमिनीवर ओतावे. जिवंत प्राणी मारण्याचा प्रयोग शाळेत करू नये. प्रयोग संपल्यावर मुलांस विचारावे, ‘यावरून काय सिद्ध झाले?’ बहुतेक मुले म्हणतील की रिठ्याने गोगलगाय मरते. तेव्हा शांतपणे सांगावे की, फेस येतो एवढेच सिद्ध झाले. पुढचे सिद्ध करावयाचे तर आडवा गावाला पाच वर्षे लागली. माझ्या दृष्टीने या तासाचा हाच मुख्य पाठ्यांश आहे.

तिसरी, सवय. उघड्यावर शौचास न बसणे, डबक्यात न डुंबणे, पाणथळीचे गवत जनावरांस तसेच न घालणे, जनावर खंगू लागले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखविणे, या गोष्टी मुलांच्या द्वारे घरी पोहोचवाव्यात. मात्र नुसता उपदेश करू नये. साखळीचे चित्र फळ्यावर काढून ती कोठे तुटते हे मुलांनाच दाखवावयास सांगावे. ज्याने कडी स्वतः शोधली तो घरी जाऊन बापाला समजावून सांगतो. ज्याने घोषवाक्य पाठ केले तो परीक्षेनंतर विसरतो.

शेवटी एकच विनंती. आपल्या वर्गातील मुले ज्या घरांतून येतात त्या घरांत वनस्पतींची, पाण्याची, जनावरांची कितीतरी माहिती वापरात आहे. आजीने सांगितले म्हणून ते खरे, असे शाळेने म्हणू नये. आणि आजीने सांगितले म्हणून ते खोटे, असेही म्हणू नये. ‘आजीने काय पाहिले, ते आपण मोजून पाहू,’ असे म्हणावे. मूल जेव्हा घरून एखादी रीत सांगेल तेव्हा ती वहीत लिहून घ्या, तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढा, आणि तो प्रश्न कसा तपासता येईल हे मुलांसह ठरवा. अशी एक वही पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक शाळेत सुरू व्हावी. तपासणीस येईन तेव्हा हजेरीपटाच्या आधी मी ती वही मागेन.